पायाखालची ओल

दिवाळी अंकात धुके आले की वाचकाच्या डोळ्यांपुढे पहाटेचे महाबळेश्वर उभे राहते, एखादी नायिका शाल गुंडाळून व्हरांड्यात येते आणि पुढच्या पानावर तिची कुणाशी तरी गाठ पडते. माझ्या धुक्यात यांपैकी काही नाही. ते आमच्या जुन्या मोटारीच्या काचेवर धरते, आणि तेही आतल्या बाजूने. त्यात नायिका आहे, पण तिने शाल घेतलेली नाही. तिने चपला काढून पाय सीटवर घेतले आहेत, कारण तिच्या पायाखाली पाणी आहे. ही गोष्ट ती दोन पावसाळे सांगत होती आणि मी ऐकत नव्हतो. वर्षभर या सदरात घरच्या घरी करायच्या दुरुस्त्यांविषयी ऐटीत लिहिणाऱ्या माणसाने निदान दिवाळीला तरी स्वतःची फजिती सांगावी, म्हणून हा लेख.

मोटार २००४ सालची. नाव सांगत नाही. पण आमच्या पिढीतला निम्मा मध्यमवर्ग तिच्यासारख्याच छोट्या, पांढऱ्या, चार दारांच्या मोटारीवर चाक धरायला शिकला, एवढे सांगितले की पुरे. पंधरा वर्षे पुरी झाल्यावर तिच्या नोंदणीचे नूतनीकरण झाले, त्यानंतर पाच वर्षांनी पुन्हा झाले. इंजिन ठणठणीत, ब्रेक उत्तम. "म्हातारी आहे, पण चष्मा न लावता पेपर वाचते," असे मी तिच्याविषयी पाहुण्यांना सांगत असे. आता असली वाक्ये बोलताना जपून बोलतो.

२०२४ च्या पावसाळ्यात तिला चष्मा लागला. आम्ही साताऱ्यात राहतो आणि मोटार अंगणातल्या गुलमोहराखाली उभी असते. रोज सकाळी पाहावे तर चारी काचा आतून ओल्या. दार उघडले की न वाळलेल्या सतरंजीसारखा वास. चार माणसे बसून काचा लावल्या की पाच मिनिटांत समोरचा रस्ता दिसेनासा व्हायचा. आमच्या नातवाला मात्र हा प्रकार फार आवडला. तो बोटाने मागच्या काचेवर हत्ती काढी. काच वाळली की हत्ती नाहीसा व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी धुके धरले की त्याच जागी पुन्हा उगवायचा. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहतो आणि तेवढ्या भागावर पाण्याचे थेंब वेगळे धरतात, हे त्यामागचे शास्त्र. पण त्या वेळी मला ते आमचीच चेष्टा केल्यासारखे वाटे.

मग उपाय सुरू झाले. शेजाऱ्यांनी सांगितले, कापलेला बटाटा काचेवर चोळा. चोळला. दुसऱ्या एका स्नेह्यांनी दाढीचा फेस लावून पुसायला सांगितले. तोही लावला. दोन्ही उपाय दिवसभर टिकले, हे कबूल केले पाहिजे. साबणाचा पातळ थर काचेवर राहिला की पाणी थेंबांच्या रूपाने न धरता सपाट पसरते आणि काच बरीचशी पारदर्शक राहते. पाणी मात्र असते तिथेच. तिसऱ्या एका जाणकारांनी सीटखाली वाटीभर मीठ ठेवायला सांगितले. मिठाचे काय होते हे पावसाळ्यात स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईला विचारावे: हवेतला दमटपणा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळू लागते. आमच्या वाटीचे तसेच झाले आणि पहिल्याच वळणावर ती कलंडली. पत्र्याच्या मोटारीत मिठाचे पाणी सांडणे म्हणजे गंजाला अक्षता देऊन बोलावणे, हे त्या वेळी सुचले नाही.

शेवटी मी सिलिका जेलच्या पुड्या आणल्या; नव्या बुटांच्या खोक्यात निघतात तशाच, पण मोठ्या. त्यांनी काही होणार नाही हे साध्या त्रैराशिकाने कळले असते. हे दाणे फार तर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतके पाणी शोषतात. शंभर ग्रॅमच्या पुडीने तेहतीस ग्रॅम शोषले. उलट, स्वस्थ बसलेला मोठा माणूस श्वास आणि घाम मिळून तासाला चाळीस ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत सोडतो. म्हणजे माझी शंभर ग्रॅमची पुडी माझे एकट्याचे तासभराचे बसणेसुद्धा सोसू शकत नव्हती.

या सगळ्या काळात सौ. अधूनमधून म्हणे, "अहो, माझ्या पायाला ओल लागतेय."

"छत्री तिथे ठेवतेस ना!" मी काच पुसता पुसता म्हणे.

छत्री ती मागे ठेवू लागली. ओल लागतच राहिली. पण मला काचेची काळजी होती, कारण काच माझ्यासमोर होती आणि पाणी तिच्या पायाखाली.

२०२५ च्या श्रावणात भाचीच्या मंगळागौरीला चिपळूणला जायचे ठरले. पुढे मी आणि सौ., मागे मुलगी आणि सात वर्षांचा नातू. उंब्रज, पाटण, कोयनानगर करीत हेळवाकला आलो. धुक्याच्या धास्तीने एसी पुरा सोडला होता आणि त्याचा झोत समोरच्या काचेवर रोखला होता. कुंभार्ली घाट उतरून पोफळीच्या पुढे हवा एकदम उबदार, दमट झाली आणि काच पांढरी पडली. मी नॅपकिनने पुसू लागलो. पुसतो आहे, पुसतो आहे, काहीच फरक नाही.

"अहो, वायपर तरी लावून पाहा," सौ. म्हणाली.

एका फटक्यात रस्ता दिसला. धुके बाहेरून होते! फ्रीजमधली बाटली ओट्यावर ठेवली की तिला बाहेरून घाम सुटतो, तसा एसीने गार केलेल्या काचेला कोकणच्या दमट हवेत बाहेरून घाम सुटला होता. त्यावर उपाय आतून पुसण्याचा नव्हे; काचेवरचा झोत दुसरीकडे वळवायचा, गारवा कमी करायचा आणि वायपर फिरवायचा. मागच्या सीटवर मायलेक हसत होते. मीही हसलो. धुके दोन प्रकारचे असते ही विद्या मला फुकटात मिळाली, असे मला वाटले.

विद्येची फी दुसऱ्या दिवशी भरावी लागली.

परतताना घाट चढायचा होता. आठशे सीसीचे इंजिन, चार माणसे, शिवाय डिकीत नारळांचे पोते. एसी चालू असला की चढाला आमची मोटार धापा टाकते, म्हणून पोफळी सोडताच मी एसी बंद केला. पंखा मात्र चालू ठेवला. बाहेरची हवा आत घेणारी दांडी "आतल्या आत"वर होती. पाऊस असा की काच बोटभरही खाली करण्याची सोय नव्हती.

दोन वळणे झाली असतील नसतील, समोरची काच एकाएकी पांढरी झाली. कालच्या ज्ञानाने मी ऐटीत वायपर जोरात केला. काही नाही. आज धुके आतून होते. नॅपकिनने भाकरीएवढे वर्तुळ पुसले आणि त्यातून बघत चालवू लागलो. थांबायला हवे होते. पण मागे ट्रक होता, कडेला जागा दिसत नव्हती, आणि खरे सांगायचे तर चालवणाऱ्याला प्रत्येक वेळी वाटत असते की पुढच्या वळणावर दिसेल.

पुढच्या वळणावर माझ्या भाकरीएवढ्या वर्तुळात एक म्हैस आली, आणि तिच्या अलीकडे, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेला एक वृद्ध गृहस्थ. मी ब्रेकवर उभा राहिलो. मोटार ओल्या रस्त्यावर किंचित आडवी होऊन थांबली. मागच्या ट्रकनेही कसाबसा ब्रेक लावला. त्या गृहस्थाने आपला हात आमच्या बॉनेटवर टेकवला होता; म्हणजे मोटार किती जवळ गेली होती ते समजून घ्यावे. त्याने वाकून काचेकडे पाहिले. त्याला आत कोणी दिसले नसणार. मग त्याने म्हशीला "हुर्र" केले आणि तो चालू लागला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

पुढे रुंद जागा होती तिथे मोटार लावली. कोणी बोलेना. शेवटी नातू म्हणाला, "आजोबा, तुम्हाला ते आजोबा दिसलेच नव्हते?"

या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही.

सौ.ने नातवाला जवळ घेतले आणि मग शांतपणे म्हणाली, "अहो, एकदा इकडे हात लावून बघाल का?" मी वाकून तिच्या पायाखालच्या मॅटवर हात दाबला. पच् असा आवाज झाला आणि बोटांच्या फटींतून पाणी वर आले.

दुसऱ्या दिवशी आमच्या मिस्त्रींकडे गेलो. सगळी हकीगत ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "काका, काच किती दिवस पुसताय?"

"दोन पावसाळे."

"मग आता काच सोडा. गालिचा उचला."

पुढची सीट काढली, गालिचा उचलला. खाली जाड नमदा असतो. त्याचा एक कोपरा पिळला तर बादलीत धार पडली. आता पाणी आले कुठून? मिस्त्रींनी आधी बोटाने ते चोळून पाहिले, वास घेतला. चिकट आणि गोडसर वासाचे असते तर ते रेडिएटरचे, म्हणजे आतल्या हीटरची नळी किंवा जाळी गळते आहे असे समजायचे. तसे असेल तर काचेवर तेलकट धुकेही धरते. आमचे पाणी साधे होते. म्हणजे एक तर पावसाचे, नाही तर एसीचे.

मग त्यांनी मला कोरड्या फरशीवर वर्तमानपत्र पसरून, टॉर्च घेऊन आत बसवले आणि दारांच्या रबरावर, काचेच्या कडेला अंगाला लावायची पावडर भुरभुरली. बाहेरून झारीने पाणी घालायला सुरुवात केली. आधी खाली, मग दारावर, मग काचेवर, आणि शेवटी बॉनेट आणि काच यांच्यामधल्या पन्हळीत. सगळीकडे एकदम पाणी मारले तर ते कुठून आले हे कळत नाही, म्हणून एकेक जागा. पावडरीवर कुठे ओघळ उमटला नाही. पण पन्हळीत झारी रिकामी केली तेव्हा डॅशबोर्डाखालून, सौ.च्या पायांच्या नेमके वर, टप् टप् सुरू झाले.

वायपरच्या खालची जाळी काढली. आत गुलमोहर होता. म्हणजे आख्खे झाड नव्हे, पण दोन पावसाळ्यांची त्याची ती बारीक पाने कुजून चहाच्या चोथ्यासारखी दाबून बसली होती. काचेवरून ओघळणारे पाणी या पन्हळीतून कडेच्या भोकांवाटे खाली जमिनीवर जायचे असते. भोके बुजली, पन्हळ भरली, आणि पाणी पंख्याच्या हवेच्या तोंडातून आत उतरू लागले. "झाड तोडायचं नाही, मोटार सरकवायची," असे सौ. २०२४ च्या मे महिन्यातच म्हणाली होती. मी सावलीचा मुद्दा मांडला होता.

एवढ्याने भागले नाही. मिस्त्रींनी एसी चालू करून मोटारीखाली पाहायला सांगितले. पावसाळी दमट दिवशी एसी चालू असला की थोड्या वेळात मोटारीखाली पाण्याची धार किंवा ठिपके दिसायला हवेत. एसी नुसती हवा गार करत नाही, ती वाळवतोही: दमट हवा गार जाळीवरून गेली की तिच्यातले पाणी जाळीवर धरते आणि एका नळीवाटे बाहेर पडते. आमच्या मोटारीखाली जमीन कोरडी ठाक. त्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. मिस्त्रींनी तार न खुपसता (तारेने नळी फाटते) खालून माती ओली करून काढली आणि हलकी हवा मारली. भसकन अर्धा तांब्याभर पाणी खाली आले. कुंभार्लीच्या घाटात जे घडले त्यात या कुंभारणीचाही वाटा होता तर!

आणि आता घाटातले ते पांढरे होणे मला उलगडले. सामान्यतः वीस अंश तापमानाच्या हवेत घनमीटरला फार तर सतरा ग्रॅम बाष्प मावते, तीस अंशांच्या हवेत तीस ग्रॅम. म्हणून उबदार, दमट हवा गार काचेला टेकली की तिला न पेलणारे पाणी ती काचेवर सोडते. लहान मोटारीत हवा असते साधारण दोन घनमीटर. काच पांढरी करायला थोडे चमचे पाणीही खूप झाले. आमच्याकडे चार माणसांचे श्वास होते, पायाखाली भिजलेला नमदा होता, घाट चढू तशी काच गार होत होती, आणि तुंबलेल्या एसीच्या जाळीवर पाणी साठले होते. मी एसी बंद केला पण पंखा चालू ठेवला, तेव्हा जाळीवरचे ते सगळे पाणी पंख्याने वाफ करून परत आमच्या तोंडावर, म्हणजे काचेवर, फेकले. दांडी आतल्या आत असल्यामुळे ते बाहेर जायलाही वाट नव्हती. चढाला इंजिनावर दया करण्याच्या नादात मी त्या वृद्धाच्या जिवाशी खेळलो.

नमदा घरी आणून सौ.ने रद्दीच्या काट्यावर टांगला आणि वजन लिहून ठेवले. श्रावणात ऊन कसले? ओसरीवर विटांवर पसरून पंख्याखाली पाच दिवस वाळवला, मग पुन्हा तोलला. फरक पावणेतीन किलोचा. पावणेतीन लिटर पाणी! ते सिलिका जेलने शोषायचे तर आठ किलोंहून अधिक पुड्या लागल्या असत्या आणि बसायला जागा उरली नसती. नमद्याखालच्या पत्र्याला तळहाताएवढा गंज धरला होता. तो घासून, लाल ऑक्साइड मारून, रंग देऊन घेतला. आणखी एक पावसाळा गेला असता तर सौ.ला पायाखाली रस्ता दिसला असता.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे जुनी मोटार आहे त्यांनी माझ्यासारखे बटाट्यापासून सुरुवात करू नये. चारी माणसांच्या पायाखाली गालिच्याच्या आत हात घालून पाहावा. डिकीतल्या जादा चाकाखालीही पाहावा, तिथे मागच्या दिव्यांच्या रबरातून आलेले पाणी साचते. मृग लागायच्या आत वायपरखालची पन्हळ साफ करावी. दारांच्या तळाशी बारीक भोके असतात ती मोकळी ठेवावी. काचेच्या फटीतून दारात पाणी उतरणे हे नेहमीचेच, ते त्या भोकांतून खाली जाते. धूळ येते म्हणून ती भोके मेणाने बुजवणारा एक इसम माझ्या परिचयाचा आहे. त्याचा लेख आपण वाचत आहात. एसीखाली पाणी ठिबकते की नाही ते पाहावे. काच आतून साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावी, कारण मळकट काचेवर धुके लवकर धरते. आणि हे सगळे झाल्यावर हवा तर बटाटा चोळावा.

वाटेत धुके धरलेच तर आधी ते आतले की बाहेरचे हे बोट लावून ठरवावे. आतले असेल तर एसी चालू, झोत काचेवर, हीटर असल्यास थोडी ऊब, आणि दांडी बाहेरच्या हवेवर. बाहेर पाऊस आहे, बाहेरची हवा कशाला, असे वाटते. पण पावसातली गार हवा आत येऊन जरा तापली की आपल्या श्वासांनी भरलेल्या हवेपेक्षा ती कोरडीच असते. एसी बंद करायचा तर आधी काचा थोड्या उघडाव्यात. आणि दिसत नसेल तर थांबावे. भाकरीएवढ्या वर्तुळातून रस्ता पाहू नये.

कोकणात भिंतीला ओल आली तर कोणी नुसता चुना फासत नाही. आधी वर चढून फुटके कौल शोधतात. माझे आजोळ कोकणातले. दर वैशाखात घर शाकारताना मी खालून कौले देत असे. एवढे लहानपणी शिकलेला माणूस मोटारीत बसला की काय विसरतो पाहा.

गणपतीला पुन्हा चिपळूणला गेलो. येताना तोच घाट, तसाच पाऊस. एसी चालू ठेवला. मोटार धापा टाकत चढली, चढू दे. काच स्वच्छ होती. त्या वळणावर मी वेग अगदी कमी केला आणि कडेला पाहिले. कोणी नव्हते. नातू मागून दोन्ही बाजूंना पाहत होता, तोही काही बोलला नाही.

सौ.ने चपला काढल्या आणि दोन्ही पाय खाली, कोरड्या गालिच्यावर पसरले. "बरं वाटलं," एवढेच म्हणाली. मागच्या दोन पावसाळ्यांचा उल्लेख तिने केला नाही. मोटार आता गुलमोहराखाली नसते.

वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा. दिवाळीत प्रवास करणार असाल तर निघण्यापूर्वी शेजारच्या सीटवरच्या माणसाला एकदा विचारा, पायाखाली सगळे ठीक आहे ना; आणि उत्तर येईल ते ऐका.